चाळीसपेक्षा मोठी, पन्नासपेक्षा लहान

लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि माझं नवऱ्याशी एकदाही भांडण झालं नाही, असं मी सांगितलं की बायका माझ्याकडे हेव्याने बघायच्या. त्यांना काय ठाऊक! भांडायला समोरून कोणीतरी बोलावं लागतं. आमच्या घरी मी बोलायची आणि मल्हारराव म्हणायचे, "सरी." सरी म्हणजे कानडीत ठीक, बरं, चालेल. बंगळुरात रिक्षावाल्यापासून भटजीपर्यंत सगळेच दिवसातून शंभरदा सरी म्हणतात. पण बाकीची माणसं मधूनमधून दुसरंही काही बोलतात.

कॉटनपेटचं भाड्याचं घर सोडून जयनगरात जागा घेऊ या का? सरी. पडदे हिरवे आणू? सरी. दुसऱ्या दिवशी माझं मन बदललं, हिरवे नकोत, पिवळे आणते. सरी. पोराचं नाव त्यांच्या वडिलांचं ठेवायचं घाटत होतं, मी म्हटलं शंभूराज ठेवू. पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाले, सरी. मला कधीकधी वाटायचं, की मी उद्या म्हटलं, तुम्हाला विहिरीत ढकलते, तर चप्पल काढून ठेवतील आणि सरी म्हणतील.

माणूस मात्र कामाचा. तीस वर्षं त्यांनी बस डेपोत बसच्या पाट्या रंगवल्या. गाडीच्या कपाळावर जो नंबर असतो, तो. त्यांच्या हातचा आठ मी रस्त्याच्या पलीकडून ओळखायची. वरचं गोल लहान, खालचं मोठं, आणि दोन्हींच्या मध्ये कंबर. दिवसभर आकडे काढून घरी यायचे, हात रॉकेलने धुवायचे आणि पायरीवर बसून समोरच्या झाडाकडे बघत राहायचे. काय बघता, विचारलं तर हसायचे.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन आठवडे दवाखान्यात काढले. चौथ्या आठवड्यात एक शब्द परत आला. कुठला ते सांगायला नको.

डॉक्टर तरुण होता, समोर कागद घेऊन बसला. "तुमचं नाव मल्हारराव का?" त्याने विचारलं.

"सरी."

"तुमचं नाव रामप्पा का?"

"सरी."

"आपण आता मद्रासला आहोत का?"

"सरी."

डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला बाहेर घेऊन गेला. समज किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही, फार आशा धरू नका, असं त्याने कानडीत हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे पहिल्यापासून असेच आहेत." त्याला वाटलं, धक्क्याने मी काहीबाही बोलतेय. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. हे आत आहेत की नाहीत? अंघोळ घालताना, भात भरवताना, त्यांची मान पुसताना मी त्यांच्या डोळ्यांत बघायची. डोळे शांत असायचे. पण ते तर नेहमीच शांत होते.

शंभूराज पुण्यात नोकरीला. बायको तिथलीच, दोन वर्षांचा मुलगा तनय. जूनमध्ये तो आला तो ठरवूनच. "अम्मा, तू एकटीने किती करशील? दोघं कायमचे पुण्याला या. खालचा मजलाही भाड्याने देऊ." मग वडिलांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसून त्याने विचारलं, "अप्पा, याल ना आमच्याकडे? कायमचं?"

"सरी," ते म्हणाले.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. दसऱ्यानंतर निघायचं ठरलं.

खरं सांगते, माझ्या मनात त्या वेळी नवऱ्याच्या सेवेपेक्षा पुणं जास्त होतं. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले, असं सासरी-माहेरी दोन्हीकडे सांगतात. म्हणजे सव्वातीनशेहून जास्त वर्षं झाली. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाय टाकला की कानडी. मराठी पाट्यांच्या गावात मी शंभूराजच्या लग्नात पहिल्यांदा आठ दिवस राहिले. रिक्षातून जाताना मी सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होते. 'येथे शेवया करून मिळतील.' 'भिंतीस सायकल टेकवू नये.' विहीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका दुकानदाराने माझं बोलणं ऐकून विचारलं, "आपण कर्नाटकातल्या का?" राग आला, पण तो रागही मला मराठीत आला होता, आणि त्यानेही मराठीतच आणला होता. त्यानंतर कितीदा तरी दुपारी डोळा लागला की मी त्या गावात फिरायची. कंडक्टर मराठी, भाजीवाली मराठी, भांडणं मराठी.

तर मी ट्रंक काढली. पितळेची भांडी कागदात गुंडाळली. आणि भांडी गुंडाळताना ती गोष्ट पुन्हा टोचायला लागली. त्यांना कळत नसेल तर ठरवायचं मीच, त्यात काही गैर नाही. पण कळत असेल, तर त्या सरीला धरून एका माणसाला त्याच्या गावातून उचलून न्यायचं का?

आमच्या वरच्या मजल्यावर त्या वर्षी नागपूरचं बिऱ्हाड होतं. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर कामाला; सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. बायको आसावरी, आणि मुलगी सिद्धी, सात वर्षांची, दुसरीत. शाळा दुपारी सुटायची. आसावरी जरा पडायची, तेव्हा ही पोर वही घेऊन खाली आमच्या व्हरांड्यात येऊन यांच्या खुर्चीशेजारी बसायची. घरात बोलणारी मी एकटीच होते, त्यामुळे मी तिला कधी हटकलं नाही.

ऑगस्टमधली एक दुपार. पाऊस म्हणावा असा नव्हता, नुसती भुरभुर. मी आतल्या खोलीत आडवी झाले होते, दार अर्धं उघडं. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी होते. बाहेरून सिद्धीचा आवाज येत होता, विहिरीतून यावा तसा.

"मी चाळीसपेक्षा मोठी, पन्नासपेक्षा लहान. माझ्या दोन अंकांची बेरीज सात. मी कोण? आजोबा, सांगा ना, मी कोण?"

मला झोपेत वाटलं, की कोणी बाई दारात उभी राहून विचारतेय. चाळीसपेक्षा मोठी, पन्नासपेक्षा लहान. मी तिला म्हणणार होते, बाई, मी तर पन्नाशी ओलांडली, माझ्याकडे काय विचारतेस. बाहेर पागोळी पडत होती. मग पुन्हा सिद्धी बोलली.

"एक्केचाळीस? अजून जास्त? बरं. सेहेचाळीस? नाही? कमी? चव्वेचाळीस? अजून कमी? त्रेचाळीस? हो! चार अन् तीन सात! आजोबा, तुम्ही किती हुशार आहात!"

मी उठून बसले. झोप पार उडाली. कारण त्या पोरीला उत्तर माहीत नव्हतं. तिने ते यांच्याकडून काढून घेतलं होतं.

बाहेर आले. "सिद्धी, आजोबा काय म्हणाले गं?"

"ते कुठे काय म्हणतात? ते हाताने सांगून राहिले." तिने दाखवलं. डावा हात वर, म्हणजे जास्त. डावा हात खाली, म्हणजे कमी. तळहात छातीसमोर आडवा धरला, म्हणजे बरोबर. "आम्ही रोज खेळतो. आमच्या मॅडमनी शिकवलं. चिन्हाचं मोठं तोंड मोठ्या आकड्याकडे. आजोबा चीटिंग करत नाहीत, आजी. माझे पप्पा करतात."

रोज! आणि मी आत भांडी गुंडाळत होते.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. काय विचारावं सुचेना. मग विचारलं, "शंभूचा जन्म कुठल्या साली झाला? एकोणीसशे साठ?"

हात वर गेला.

"सत्तर?"

हात खाली. मी काहीतरी म्हटलं होतं आणि ते नाही म्हणाले होते.

"पासष्ट?" वर. "अडुसष्ट?" खाली. "सहासष्ट?"

त्यांनी तळहात छातीसमोर आडवा धरला. हात तिथेच राहिला. मी तो हात धरून रडले. सिद्धी घाबरून म्हणाली, "आजी, बरोबर आहे ना? चुकलं का?"

"बरोबर आहे गं," मी म्हटलं. "आत आहेत."

मी शंभूराजला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला, मग झालं." तो आपल्या मुलाशी बोलतो त्या आवाजात बोलला. मी पुन्हा सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे आठवत नाहीत. सगळी एकच लांब दुपार आठवते. समोरच्या झाडाची सावली व्हरांड्यात येते, फरशीवरून सरकत सरकत खुर्चीच्या पायाशी जाते, आणि आम्ही तिघं बसलोय. सिद्धीच्या वहीत चौकोन असायचे, एक रिकामा, शेजारी आकडा, मध्ये ते वाकडं चिन्ह. सात पेक्षा मोठा, नऊ पेक्षा लहान, चौकोनात कोण? ती त्यांना विचारायची, ते हात करायचे, ती लिहायची. मग तिचं झालं की माझी पाळी.

मी त्यांच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला आणि विचारलं, "साखर किती चमचे? दोन?" मी लग्नापासून दोनच घालत आले.

हात खाली.

"एक?" खाली.

"अर्धा?" वर.

"पाऊण?"

तळहात आडवा. मी बघतच राहिले. चौतीस वर्षं, दिवसातून दोन वेळा, हा माणूस पाक पीत होता! "अहो, मग तोंडाला काय कुलूप होतं?" मी ओरडले. सिद्धी हसून लोळली. ते म्हणाले, "सरी."

मग मला नादच लागला. रेडिओचा आवाज? कमी. आमटीत तिखट? जास्त, ह्यांना तिखट हवं होतं, मला वाटायचं पोटाला बाधेल. गोधडी? एकच्या जागी दोन. पिवळे पडदे किती आवडतात, शंभरपैकी सांगा? पन्नास, खाली. पंचवीस, खाली. दहा, खाली. मी पुढे विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी पडदे काढून टाकले. खोलीत उजेड आला आणि ते त्या उजेडाकडे बघत बसले.

दुपारी माझा डोळा लागायचा तेव्हा आता पुणं दिसत नव्हतं. आमचंच जयनगर दिसायचं, पण रिकामं, माणसांवाचून. आमच्या भागात रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. मोठा रस्ता तो अमका मेन, त्याला छेदणारा आडवा तो तमका क्रॉस. मी स्वप्नात एकेक क्रॉस ओलांडत चाललेली असायची. अकरावा, बारावा, तेरावा. प्रत्येक कोपऱ्यावर झाडाखाली ते उभे, पांढरा सदरा, बोटांना काळा रंग. बोलायचे नाहीत. हात वर करायचे, पुढे जा. मी जायची. सत्ताविसाव्याला पोहोचले की हात खाली, मागे जा. मी दमायची नाही. पाय हलके असायचे, आणि मला खात्री असायची की दोन कोपऱ्यांच्या मध्ये कुठेतरी घर आहे. जाग यायची तेव्हा सावली खुर्चीपर्यंत आलेली असायची.

पण पुण्याचं मी विचारलं नाही. ट्रंक हॉलमध्ये तशीच होती. मी तिच्यावर चादर घातली, म्हणजे दिसायला नको. रोज वाटायचं, आज विचारू. आणि मी विचारायची, दोसे किती, उशा किती.

एक दिवस सिद्धी पेन्सिल चावत म्हणाली, "आजी, तुम्ही सोपे सोपेच विचारून राहिल्या."

"गप गं," मी म्हटलं. "तुझा अभ्यास कर."

सप्टेंबरच्या शेवटी शंभूराजचा फोन आला. उद्या तिकिटं काढतो, तिघांची, मी न्यायला येतो, संध्याकाळी पुन्हा फोन करतो, तू तेवढं औषधांचं बघून ठेव. मी हो म्हटलं. फोन ठेवला तरी माझा हात त्यावरच होता.

त्या दुपारी मी सिद्धीला वर पाठवून दिलं. स्टूल ओढलं. त्यांच्यासमोर बसले आणि मोठ्या आकड्यापासूनच सुरुवात केली, आपल्याला हवा तो आकडा माणूस आधी बोलतो.

"पुण्याला शंभूकडे राहायचं. किती दिवस? एक वर्ष?"

हात खाली.

"सहा महिने?" खाली. "तीन?" खाली.

"महिना?" माझा आवाज चढला. "पंधरा दिवस?" खाली. "आठ दिवस? नातवाचं तोंड तरी बघाल? चार? दोन?"

दर वेळी हात खाली. जड हात, पण चुकत नव्हता.

"एक दिवस?"

हात खाली गेला आणि मांडीवर जाऊन पडला. एकापेक्षा कमी म्हणजे काय, ते सिद्धीलाही कळलं असतं.

मला संताप आला. "मग तीन महिन्यांपूर्वी पोराला सरी कशाला म्हणालात?" मी म्हटलं. त्यांच्याजवळ दुसरा शब्द नाही हे मला ठाऊक होतं, तरी म्हटलं. राग आला की मी असं काहीही बोलते. "तीनशे वर्षं आम्ही इथे राहिलो. माझं एवढंही होऊ नये? तुमची साखर कमी केली, तुमचे पडदे काढले, आता माझं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सगळी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आदळआपट केली. दूध तापायला ठेवलं, उतू गेलं, पुसलं. आपण कशासाठी रडतोय तेही मला नीट सांगता आलं नसतं. पुण्यासाठी रडत होते, आणि ज्या माणसाला मी इतकी वर्षं न विचारता इकडून तिकडे हलवलं, त्याच्यासाठीही रडत होते. त्याला काही हवं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत पुढे वाकले होते. पडतील म्हणून धावले. ते पडत नव्हते. डावा हात लांब करून त्यांनी दारातून आत हॉलकडे दाखवलं. मी वळून बघितलं. चादर घातलेली ट्रंक.

"तीच ना? रिकामी करते मी," मी म्हटलं. "कळलं मला."

हात जोरजोरात हलला. पुन्हा ट्रंकेकडे. मग माझ्याकडे. एक बोट माझ्या छातीवर टेकवलं, आणि मग हात वर केला. जास्त.

मी खाली बसले. "मी?" विचारलं. "मी जाऊ? एकटी?"

"सरी," ते म्हणाले.

"सरी नको मला. हात दाखवा, हो असेल तर वर. मी पुण्याला जाऊन यावं?"

हात वर.

हे असं आजवर झालं नव्हतं. काय करायचं ते मी सांगायची. तुमच्याकडे कोण बघेल, मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला आठवलं, की माझी नणंद अंबूबाई चामराजपेटेत एकटी राहते आणि भावाकडे येऊन राहू का म्हणून फेब्रुवारीपासून विचारतेय. ती प्रत्येक गोष्टीत आपलंच घोडं पुढे दामटते म्हणून मी तिला टाळत होते. "अंबूबाई चालतील?" विचारलं. हात वर झाला, पण अर्धाच. मला हसू आलं.

"किती दिवस?" मी विचारलं. आणि ह्या वेळी मला खरंच कळत नव्हतं की कुठला आकडा यावा. "महिना?"

हात खाली.

"पंधरा?"

खाली. पण जरा हळू.

"सात?"

हात वर गेला. त्या वर जाणाऱ्या हाताकडे बघताना मला भडभडून आलं. मी डोळे पुसले. सावली खुर्चीच्या पायाशी आली होती, वरच्या मजल्यावर सिद्धी कुठलीशी कविता म्हणत होती.

"दहा?" वर.

"तेरा?"

त्यांनी डोळे मिटले. पाटी रंगवायच्या आधी ते असे डोळे मिटून बसायचे, आकडा फळ्यावर कुठे बसेल ते बघायला. मग हात खाली आला.

"अकरा?"

वर.

"बारा," मी म्हटलं.

त्यांनी तळहात छातीसमोर आडवा धरला आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. अकराहून जास्त, कारण रिक्षातून पाट्या वाचत जाणारी ही बाई त्यांनी शेजारी बसून पाहिली होती. तेराहून कमी, कारण त्यापुढे माझ्यावाचून त्यांना राहवणार नव्हतं. दोन्ही त्यांनी मोजलं होतं. माझी हौस एवढी कोणी कधी नीट मोजली नव्हती, आणि माझी गरजही. मी लाजले. ह्या वयात, ह्या खुर्चीसमोर बसून, नवी नवरी लाजते तशी लाजले.

"बाराच?" मी म्हटलं. "जाण्यायेण्यात दोन दिवस जातील. ते धरून की सोडून?"

त्यांनी हात हलवला नाही. धरून.

"चौदा करा."

हात खाली.

"तेरा तरी?"

हात खाली. मी बरंच बोलले, त्यांनी बरंच ऐकलं, हात काही वर गेला नाही. कॉफी गार झाली. मी दुसरी केली, पाऊण चमचा साखर घालून, आणि मग फोन वाजला.

"अम्मा, औषधांचं बघितलंस? सकाळी तिकिटं काढतोय," शंभूराज म्हणाला.

"शंभू, एकच काढ. माझं. येतानाचंही आत्ताच काढ, सगळे मिळून बारा दिवस."

"एकच? आणि अप्पा?"

"ते येत नाहीत. एक दिवसही नको म्हणाले. मला बारा दिले. अंबूआत्या इथे राहील."

मग तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, खरं सांग. हे सगळं तूच ठरवलंस ना?"

"मी ठरवलं असतं," मी म्हटलं, "तर महिना ठरवला असता."